मातीचें पोट

आमचें तळेगांव दाभाडे एके काळीं पैसा फंडाच्या कांच कारखान्यासाठीं प्रसिद्ध होतें. लोकांच्या पैपैशांतून १९०८ सालीं तो उभा राहिला, ही हकीकत आपणांपैकीं अनेकांस ठाऊक असेल. आज आमच्या मावळांत कांचेऐवजीं पांढऱ्या प्लॅस्टिकचीं घरें दिसतात. त्या हरितगृहांत गुलाब पिकतो, आणि फेब्रुवारीच्या १४ तारखेपूर्वी तो पेट्यांत बसून परदेशीं जातो. एका बाजूस इंद्रायणी भाताचीं खाचरें, मध्यें हीं प्लॅस्टिकचीं घरें आणि पलीकडे कारखान्यांचीं धुराडीं, असा आमचा प्रदेश आहे.

अशा एका हरितगृहाचा मालक माझा जुना विद्यार्थी आहे. गेल्या हिवाळ्यांत तो एके दिवशीं सकाळींच घरीं आला. त्याचा चेहरा उतरलेला होता. चहाचा पेला हातांत तसाच धरून तो म्हणाला, "गुरुजी, पूर्वी एका आळवणीनें मर आटोक्यांत येत असे. यंदां तिसरी आळवणी केली, तरी झाडें वाळतच आहेत. औषध तेंच, पाणी तेंच, मातीहि तीच. मग बिघडलें काय? आणि दुसरें असें, कीं एवढें औषध मी त्या मातींत ओततों, तें जातें तरी कोठें?"

मी जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि जन्मभर प्राथमिक शाळेंत मुलें शिकविलेला माणूस. त्याच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर मला तेव्हां देतां आलें नाहीं. दुसरा प्रश्न मात्र मला बोंचला. कारण त्याचें एक वाईट उत्तर मीं स्वतःच्या परसांत पाहिलेलें होतें. या दोन प्रश्नांच्या मागें लागून वाचतां-विचारतां मला जें समजलें, तेंच आज आपणांस सांगावयाचें आहे.

प्रथम परसांतील गोष्ट सांगतों. निवृत्त झाल्यावर मीं घरामागें गुलाबाचीं विसेक झाडें लाविलीं. पहिल्याच पावसाळ्यांत त्यांच्या पानांवर काळे ठिपके पडले. मीं कार्बेन्डाझिम नांवाचें बुरशीनाशक आणलें. पाकिटावरील बारीक अक्षर वाचण्याचा कंटाळा केला आणि अंदाजानें दुप्पट भुकटी पाण्यांत कालविली. फवारून उरलेलें पाणी फुकट कां घालवावें, म्हणून दर आठवड्यास तें एकाच वाफ्याच्या बुडाशीं ओतीत गेलों. चौथ्या आठवड्यांत एके सकाळीं त्या वाफ्यावर गांडुळें मरून पडलेलीं दिसलीं. शेजारच्या वाफ्यांत एकहि मेलेलें नव्हतें. हें औषध गांडुळांना फार बाधतें, हें मला मागाहून कळलें. चूक सर्वस्वी माझी होती. मुलांना "सूचना नीट वाचा" असें छत्तीस वर्षें सांगणाऱ्या मास्तरानें स्वतः मात्र सूचना वाचली नव्हती!

पण या हकीकतीचा उत्तरार्धहि सांगितला पाहिजे. त्या वाफ्यावर मीं शेणखत व वाळला पाला यांचा जाड थर घातला, ओल राखली आणि औषधाचा एक थेंबहि पुन्हां पडूं दिला नाहीं. दोन पावसाळे गेल्यावर त्याच वाफ्यांत खुरप्याला गांडुळें लागूं लागलीं. म्हणजे मातीनें तें विष कांहीं अंशीं तरी पचविलें होतें. कोणीं पचविलें? कसें पचविलें? आणि वाटेल तेवढें विष ती पचवूं शकते काय?

श्रोतेहो, माती म्हणजे दगडाचा चुरा, एवढीच आपली समजूत असते. परंतु सुपीक मातीच्या एका ग्रॅमांत, म्हणजे चिमूटभर मातींत, दहा कोटींपासून शंभर कोटींपर्यंत जिवाणू असूं शकतात. जंतु म्हटलें कीं आपणांस रोग आठवतो. पण या कोट्यवधि जिवाणूंपैकीं बहुतेकांना आपल्या रोगाशीं कांहींच कर्तव्य नसतें. पडलेलें पान, मेलेला किडा, शेण, मूळ, जें जें मातींत येईल तें तें मोडून त्यावर जगावें, हाच त्यांचा धंदा आहे. मृगाच्या पहिल्या सरीनंतर मातीचा जो सुवास सुटतो, तोहि बव्हंशीं यांच्यांतील एका कुळाचा आहे. स्ट्रेप्टोमायसिस या कुळांतील जिवाणू जिओस्मिन नांवाचें द्रव्य तयार करतात, त्याचाच तो गंध.

या जिवाणूंना तोंड नाहीं, दांत नाहींत, पोट नाहीं. तरी ते खातात. ज्या पदार्थावर जगावयाचें, त्याचे तुकडे करणारीं पाचक द्रव्यें ते तयार करतात. शास्त्रज्ञ त्यांस विकरें म्हणतात. एक विकर बहुधा एकाच प्रकारचा सांधा तोडतें. लांकडाला लावलेली करवत लोखंडाला चालत नाहीं, तसेंच हें आहे. म्हणून जिवाणूंच्या ज्या कुळापाशीं जी करवत असेल, तोच पदार्थ त्याला खातां येतो.

आतां कार्बेन्डाझिमचें उदाहरण घेऊं. हें द्रव्य बुरशीच्या पेशींची विभागणी थांबवितें. त्यामुळें बुरशीची वाढ खुंटते. त्याच्या एका कणांत, म्हणजे रेणूंत, कर्बाचे ९, उज्जाचे ९, नत्राचे ३ आणि प्राणवायूचे २ अणु असतात. हीं नांवें आपणांस परकीं नाहींत. कर्ब, उज्ज, नत्र आणि प्राणवायु यांचेंच आपलें शरीर बनलेलें आहे, आणि जिवाणूंचेंहि. म्हणजे जें बुरशीला विष, तें पुरेशी करवत असलेल्या जिवाणूला भाकरी ठरूं शकतें.

या रेणूची घडण कड्यासारखी आहे आणि त्या कड्याला एक शेपूट जोडलेलें आहे. जिवाणू प्रथम तें शेपूट तोडतात. शेपूट तुटल्यावर जें उरतें, त्यास अमिनोबेन्झिमिडाझोल म्हणतात. बुरशीला मारण्याची मूळची शक्ति त्यांत फारशी राहत नाहीं. पुढें कडेंहि उघडलें जातें, आणि त्याचे तुकडे होत होत शेवटीं कर्बाम्लवायु, म्हणजे आपण उच्छ्वासाबरोबर सोडतों तो वायु, आणि नत्राचीं साधीं संयुगें उरतात. स्यूडोमोनास, रोडोकॉकस, नोकार्डिऑइडीस अशा निरनिराळ्या कुळांतील जिवाणूंना ही कला अवगत असल्याचें शास्त्रज्ञांनीं दाखविलें आहे. त्यांपैकीं कांहींनीं तर कार्बेन्डाझिमवांचून दुसरा कर्ब मिळूं न देतांहि आपली वाढ करून दाखविली.

हें मानवी कारखान्यांत जन्मलेलें रसायन. जिवाणूंनीं तें पूर्वीं कधीं पाहिलेलेंहि नव्हतें. मग तें खाण्याची कला त्यांना आली कोठून? या प्रश्नाचा मागोवा फार सुंदर आहे. १९४९ सालीं लंडन येथें ऑडस नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानें मातीच्या नळकांड्यांतून टू-फोर-डी या तणनाशकाचें पाणी पुन्हां पुन्हां फिरविलें. पहिले कांहीं दिवस तणनाशक जसेंच्या तसें राहिलें. मग तें एकाएकीं झपाट्यानें नाहींसें होऊं लागलें. त्याच मातींतून दुसऱ्यांदां तेंच तणनाशक फिरविलें, तेव्हां मात्र वाट पाहावी लागली नाहीं. तें आरंभापासूनच मोडूं लागलें. जिवाणूंना मारून टाकणारें द्रव्य घालतांच हें मोडणें थांबलें. यावरून हें काम जिवंत प्राण्यांचें आहे हें ठरलें.

याचा अर्थ असा. समजा, एखाद्या गांवांत कोणी अनोळखी धान्याचीं पोतीं आणून टाकलीं. तें धान्य दळण्याजोगें जातें गांवांत एकाच घरीं आहे. प्रथम तें एकच घर त्यावर जेवील. बाकीचीं उपाशी राहतील. पण त्या घराची भरभराट होईल, लेकरें वाढतील, आणि कांहीं काळानें त्याच घराण्याचा गांव होईल. जिवाणूंत असेंच घडतें. शिवाय त्यांच्यांत आणखी एक सोय आहे. एखादें विकर बनविण्याची कृति एका जिवाणूपाशीं असेल, तर ती तो कधीं कधीं शेजारच्या जिवाणूलाहि देऊं शकतो. जणूं पाककृतीचा कागद भिंतीवरून पलीकडे द्यावा! कांहीं जिवाणूंची पिढी तर अनुकूल स्थितींत तासा-अर्ध्या तासांत बदलते. म्हणून शेकडों वर्षांचें काम तेथें थोड्या काळांत होतें.

आतां माझ्या विद्यार्थ्याच्या पहिल्या प्रश्नाकडे वळूं. "तेंच औषध पूर्वीसारखें कां लागत नाहीं?" याचें एक उत्तर इस्राएलांतील संशोधकांनीं १९८५ सालीं प्रसिद्ध केलें होतें. ज्या शेतांत कार्बेन्डाझिम पूर्वीं वारंवार दिलेलें होतें, तेथील मातींत तें नव्या मातीपेक्षां लवकर मोडतें असें त्यांस आढळलें. म्हणजे शेतकरी औषध ओततो तें बुरशीसाठीं, पण बुरशीपर्यंत तें पोंचण्यापूर्वींच जिवाणू त्याचा फडशा पाडतात. मातीचें पोट बिघडलें म्हणून नव्हे, तर तें फार चांगलें चालूं लागलें म्हणून औषध वायां जातें. त्याच संशोधनांत याची दुसरी बाजूहि दिसली. जी माती निर्जंतुक केलेली होती, तींत हेंच औषध फार काळ टिकून राहिलें. कारण त्याला मोडणारे जिवाणूहि रोगाबरोबर मारले गेले होते.

ही दुसरी बाजू आमच्या हरितगृहवाल्यांनीं विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. आपल्याकडे गुलाबाचे वाफे करतांना लाल माती, शेणखत व भाताचें तूस एकत्र करतात, आणि मग फॉर्मॅलिन घालून, वर प्लॅस्टिक झांकून, ती माती निर्जंतुक करण्याची चाल आहे. रोग हटावा हा त्यांतील हेतु. परंतु फॉर्मॅलिन मित्र आणि शत्रु ओळखत नाहीं. पंगतीचे वाढपी आणि उष्टीं काढणारे सर्वच हांकलून दिले, तर मांडवाची काय अवस्था होईल? त्यांत हरितगृहांत पावसाचा थेंब पडत नाहीं. बाहेरील शेतांत पाऊस औषध पांगवितो. येथें तें जेथें ओतलें तेथेंच राहतें.

आतां आपल्या प्रांतांतील एका कामाची माहिती सांगतों. पुण्याजवळ मांजरी येथें १९९७ सालीं स्थापन झालेलें राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. द्राक्षाच्या वेलीला केवडा, भुरी आणि करपा या तीन बुरशीजन्य रोगांची सतत भीति. त्यामुळें नाशिक-सांगलीकडील बागाईतदार फवारणीचा पंप सहसा खालीं ठेवीत नाहीं. आणि द्राक्ष परदेशीं जावयाचें तर त्यावर औषधाचा उरलेला अंश किती, हें मोजलें जातें. २०१० सालीं क्लोरमेक्वॅट नांवाच्या वाढरोधकाचा अंश युरोपांत मान्य प्रमाणाहून अधिक निघाला, तेव्हां आपल्या बागाईतदारांनीं केवढा फटका सोसला हें पुष्कळांस आठवत असेल.

या केंद्रांतील शास्त्रज्ञांनीं महाराष्ट्रांतील द्राक्षवेलींवरूनच बॅसिलस सबटिलिस या जातीचे जिवाणू वेगळे काढले. डीआर-३९, सीएस-१२६, टीएल-१७१ आणि टीएस-२०४ अशीं त्यांतील चार वाणांचीं नांवें आहेत. कार्बेन्डाझिम घातलेल्या द्रवांत, द्राक्षावर आणि मातींत त्यांची परीक्षा केली, तेव्हां त्यांच्या सहवासांत औषध अधिक लवकर मोडतें असें दिसलें. २०१४ सालीं हें काम प्रसिद्ध झालें. यांतील टीएल-१७१ या वाणाचा दुसरा गुण तर अधिकच नवलाचा आहे. करपा आणणाऱ्या बुरशीलाहि तो आवर घालतो, असें त्याच केंद्राच्या पुढील अभ्यासांत दिसून आलें. म्हणजे रोगाशीं लढावयाचें आणि मागें राहिलेलें विषहि आवरावयाचें, अशीं दोन्ही कामें एकाच्याच हातून! आणि हा कामगार सातासमुद्रांपलीकडून आणलेला नव्हे. आपल्याच वेलींवर तो बसलेला होता.

बॅसिलस सबटिलिस हा तसा जुना ओळखीचा जिवाणू आहे. वाळलेल्या गवताचा काढा कांहीं दिवस ठेवला कीं त्यांत हा हटकून वाढतो. ऊन पडलें, पाणी आटलें, अन्न संपलें, तर स्वतःभोंवतीं कठीण कवच करून तो झोंपीं जातो आणि चांगले दिवस आल्यावर पुन्हां जागा होतो. शेतीच्या कामासाठीं त्याची भुकटी करून ठेवतां येते, ती या गुणामुळेंच.

श्रोतेहो, येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, "मग काळजी कसली? वाटेल तेवढें औषध ओता, जिवाणू आहेतच!" असें समजणें ही मोठी फसवणूक होईल. मातीच्या पोटाला मर्यादा आहेत, आणि त्या मर्यादा ठाऊक नसल्यानेंच आपलें नुकसान होतें.

पहिली मर्यादा ही, कीं जिवाणूंना रेणु मोडतां येतो, अणु मोडतां येत नाहीं. बोर्डो मिश्रणाचें उदाहरण पाहा. मोरचूद आणि चुना यांचें हें निळें मिश्रण. फ्रान्समध्यें बोर्डोच्या परिसरांत वाटेवरच्या चोरांनीं द्राक्षें खाऊं नयेत म्हणून कडेच्या वेलींवर तें शिंपडीत. त्या वेलींना केवडा होत नाहीं हें मिलार्दे या प्राध्यापकानें हेरलें आणि १८८५ सालीं तो उपाय जगापुढें मांडला. तेव्हांपासून तें द्राक्षाच्या, सुपारीच्या, अनेक पिकांच्या उपयोगीं पडलें आहे. पण मोरचुदांतील तांबें हें मूलद्रव्य आहे. तें कोणताहि जिवाणू खाऊन संपवूं शकत नाहीं. फ्रान्समधील जुन्या द्राक्षमळ्यांच्या मातींत पिढ्यान्‌पिढ्यांचें तांबें सांचून राहिलें आहे, आणि तें फार झालें कीं जिवाणूंना व गांडुळांनाहि बाधूं लागतें. "जुनें आणि साधें औषध, त्याचें काय मोजावयाचें," असें म्हणणें म्हणूनच बरोबर नाहीं. गंधकाची गोष्ट निराळी. भुरीवर आपण गंधक मारतों, तें मातींत पडल्यावर कांहीं जिवाणू त्याचें सल्फेट करतात आणि पीक तें मुळांवाटे घेतें. दोन्ही जुनीं औषधें, पण मातींतील त्यांची गति अगदीं वेगळी.

दुसरी मर्यादा ही, कीं मोडलेलें सर्वच निरुपद्रवी असतें असें नाहीं. मॅन्कोझेब हें पिंवळें बुरशीनाशक बहुतेक शेतकऱ्यांच्या घरीं असतें. तें स्वतः लवकर मोडतें. परंतु मोडतांना त्यांतून एथिलीन थायोयुरिया नांवाचें द्रव्य निघतें, आणि तें आरोग्याला मूळ औषधापेक्षां अधिक चिंतेचें मानलें जातें. तेंहि पुढें मोडतें, पण त्याला वेळ द्यावा लागतो. फवारणीपासून काढणीपर्यंत जे दिवस सोडावयास सांगितलेले असतात, ते उगाच नव्हेत.

तिसरी मर्यादा वेळेची आणि परिस्थितीची. जागतिक आरोग्य संघटनेनें कार्बेन्डाझिमविषयीं १९९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत एक नोंद आहे. हें औषध निम्म्यानें कमी होण्यास उघड्या जमिनींत ६ ते १२ महिने लागतात, आणि गवताळ जमिनींत ३ ते ६ महिने. औषध तेंच, पण वर गवत आहे, खालीं मुळें आहेत, कुजकट आहे, म्हणून काळ अर्ध्यावर आला. पाण्याचे आंकडे याहून बोलके आहेत. हवा खेळत असलेल्या पाण्यांत निम्मे होण्यास २ महिने, आणि हवा नसलेल्या पाण्यांत २५ महिने! जेथें ऊन अधिक, ओल पुरेशी, तेथें काम जलद होतें. थंडींत, कोरड्यांत आणि कोंदट चिखलांत तें रेंगाळतें. म्हणून पंप धुतलेलें पाणी विहिरींत, ओढ्यांत किंवा शेततळ्यांत सोडणें किती घातक, हें या एका आंकड्यावरून कळावें. मातीच्या वरच्या वितींत जें काम महिन्यांत होतें, तें तळ्याच्या गाळांत वर्षांत होत नाहीं.

कार्बेन्डाझिमला युरोपीय संघांत असलेली मान्यता २०१४ सालीं संपली. आपल्या केंद्र सरकारनें २०२० सालीं २७ औषधांवर बंदी घालण्याचा जो मसुदा काढला, त्यांतहि कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेब हीं नांवें होतीं. हा वाद तज्ज्ञांनीं आणि सरकारनें चालवावा. आपण शेतकऱ्यांनीं एवढेंच लक्षांत ठेवावें, कीं जें औषध आपण आज सहज ओततों, त्याचा हिशेब कोठें तरी, कोणी तरी मांडीत असतो.

शाळेंत असतांना मीं मुलांकडून एक लहानसा प्रयोग करून घेत असें. तो कोणालाहि घरीं करतां येईल. सुती कापडाचे सारखे दोन तुकडे घ्यावे. एक शेणखत घातलेल्या, झाडाखालच्या ओलसर मातींत वीतभर खोल पुरावा. दुसरा तुडवलेल्या, उघड्या, निर्जीव मातींत. दोन महिन्यांनीं दोन्ही उकरावे. आमच्या शाळेंत आंब्याखालचा तुकडा जाळीसारखा होऊन हातांत आला, आणि मैदानाच्या कडेचा तुकडा धुतला तर पुन्हां वापरतां आला असता. कापूस खाणारे जिवाणू आणि बुरशी वेगळे, औषध मोडणारे वेगळे, हें खरें. पण माती जिवंत आहे कीं निपचित पडली आहे, हें या चिंधीवरून पुष्कळसें कळतें. माझ्या त्या विद्यार्थ्यानेंहि लहानपणीं हा तुकडा पुरला होता. मीं त्याला त्याची आठवण दिली, तेव्हां तो प्रथमच थोडासा हंसला.

त्याच्या वाफ्यांचें पुढें काय झालें, हें आपण विचाराल. मीं त्याला सांगितलें, "औषध लागत नाहीं याचीं तीन कारणें असूं शकतात. बुरशी त्या औषधाला सरावली असेल. मातीच औषध खाऊन टाकीत असेल. किंवा मुळांत रोगच निराळा असेल. तिन्हींत चौथी आळवणी व्यर्थ आहे. आधीं मुळें तपासून घे." त्यानें वाळलेलीं झाडें मुळांसकट प्रयोगशाळेंत पाठविलीं. उत्तर आलें तें तिसरें होतें. खोलगट जागेंतील दोन वाफ्यांत पाणी सांचत होतें आणि मुळें कुजविणारी जात केवड्याच्या गोतावळ्यांतील होती. त्या वर्गावर कार्बेन्डाझिम मुळीं चालतच नाहीं. म्हणजे तिन्ही आळवण्या रोगाला लागल्या नाहींत. त्यांचा भार तेवढा मातीनें सोसला. ते दोन वाफे त्याला उपटावे लागले, आणि ऐन हंगामाचीं फुलें गेलीं. कर्ज काढून उभ्या केलेल्या हरितगृहांत दोन वाफे म्हणजे लहान गोष्ट नव्हे.

त्यानें पुढें जें केलें तें सांगण्यासारखें आहे. पाण्याचा निचरा सुधारला. नवे वाफे भरतांना चांगलें कुजलेलें शेणखत भरपूर घातलें. आमच्याच गांवांत राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्था आहे. हरितगृहाच्या शेतीचें शिक्षण तेथें मिळतें. तेथील वर्गाला तो जाऊन आला. आतां तो औषध रोग ओळखल्यावर देतो, वहींत तारीख व प्रमाण लिहितो आणि एकच औषध लागोपाठ देत नाहीं.

यावरून सर्वांनीं घेण्याजोग्या गोष्टी थोड्या आहेत. रोग ओळखल्यावांचून आळवणी करूं नये. पाकिटावर लिहिलेलें प्रमाण वाढवूं नये. लागेल तेवढेंच कालवावें, म्हणजे उरण्याचा प्रश्न येत नाहीं. औषधें आलटून पालटून द्यावीं, म्हणजे बुरशीहि सरावत नाहीं आणि मातींत एकाच घराण्याचें राज्यहि होत नाहीं. जमीन उघडी पडूं देऊं नये. पालापाचोळा जाळण्याऐवजीं तिच्या अंगावर घालावा. ट्रायकोडर्मासारखी मित्रबुरशी मातींत घातली असेल, तर तिच्यामागोमाग कार्बेन्डाझिम ओतूं नये, कारण तीहि बुरशीच आहे आणि औषधानें तीच आधीं मरेल. जिवाणूंची बाटली विकत घेऊन ओतली म्हणजे झालें, असेंहि समजूं नये. ज्या मातींत खावयास कुजकट नाहीं, प्यावयास ओल नाहीं आणि श्वासाला हवा नाहीं, तेथें बाहेरून आलेला पाहुणा किती दिवस टिकेल?

आपल्या भाषेंत एक म्हण आहे : अति तेथें माती. अतिरेक केला कीं नाश होतो, असा तिचा अर्थ. मला अलीकडे तींत आणखी एक अर्थ दिसूं लागला आहे. आपण जो जो अतिरेक करतों, तो शेवटीं मातीच्याच पदरांत पडतो, आणि तो निस्तरण्याचें काम तिलाच करावें लागतें. ती तें करते, पण तिच्या चालीनें आणि तिच्या शक्तीप्रमाणें. आजारी माणसाला आपण पचेल तेवढेंच वाढतों. तेवढी समज मातीच्या बाबतींतहि ठेविली, तर पुढच्या पिढीच्या हातीं आपण जिवंत जमीन देऊं.

माझ्या परसांतील त्या वाफ्यावर आतां मीं गुलाब लाविलेला नाहीं. तेथें मेथी-कोथिंबीर करतों, आणि खुरप्याबरोबर एखादें गांडूळ वर आलें, तर पुन्हां मातीखालीं सरकवितों.